वीस मिनिटांची भर

बांधाच्या तोंडाशी, बसच्या चौकीच्या भिंतीवर एक काळा फळा होता आणि पलीकडच्या बेटावरची सगळी वस्ती त्या फळ्यावर जगत होती. वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, पण तसं नाही. शहर आणि बेट यांच्यामध्ये दोन किलोमीटरचा दगडी बांध, बांधावरून रस्ता. भरती आली की रस्ता पाण्याखाली, ओहोटी लागली की पुन्हा वर, दिवसातून दोन वेळा. समुद्राला कोणाच्या ऑफिसची वेळ कळत नाही. तो रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, म्हणून बसचं वेळापत्रकही रोज वेगळं. दिवसाच्या भरतीला रस्ता बंद कधी आणि चालू कधी, हे दोन आकडे रोज सकाळी खडूने फळ्यावर लिहायचे, हे वेळमास्तरांचं काम.

वेळमास्तर कसले, साधे बसखात्यातले टाइमकीपर. पण बेटावरची लहानथोर मंडळी त्यांना मास्तरच म्हणायची. बत्तीस वर्षांत त्यांचा आकडा एकदाही चुकला नव्हता. बेटावरची शाळा फळ्यावर सुटायची, दवाखाना फळ्यावर उघडायचा, सासरी निघालेली पोर फळा बघून रडायला सुरुवात करायची. नवराबायकोचं भांडण झालं आणि नवरा म्हणाला, ‘उद्यापासून सिगारेट बंद’, तर बायको म्हणायची, ‘फळ्यावर लिहिलंय का?’ म्हणजे मग ते खरं. मास्तरांच्या कानावर हे यायचं तेव्हा ते वरवर ‘काहीतरीच काय’ म्हणायचे आणि मनातून फुलायचे. माणूसच ना तो.

आता ती वीस मिनिटांची भर काय, हे सांगायलाच हवं. पूर्वी बांध नव्हता. बेटावर जायचं तर होडी. मग मीठवाल्यांनी दगड टाकून बांध घातला, त्यावरून घोड्याची गाडी गेली, घोडे गेले आणि ट्राम आली, ट्राम गेली आणि तिचे रूळ गंजून दगडात रुतले, त्यांच्यावर डांबर ओतून बस धावायला लागली. एवढी सगळी वाहनं बदलली, पण भरतीच्या वेळांचं सरकारी पुस्तक होतं ते जुन्या बंदराचंच. पाणी पाहायची मोजपट्टी कधीकाळी तिथल्या धक्क्याला लावलेली, तिच्याच जुन्या नोंदींवरून आकडे काढायचे. जुनं बंदर बुजवून सरकार कधीच मोकळं झालं होतं. जिथे गलबतं लागायची तिथे कापडाची दुकानं उभी राहिली, तरी पुस्तक आपलं त्याच बंदराच्या नावाने छापून यायचं. आणि बंदरातलं पाणी बांधावर पोचायला वीस मिनिटं लागायची. म्हणून पुस्तकातल्या आकड्यात वीस मिनिटं मिळवायची. हीच ती भर. ती कुठे लिहिलेली नव्हती. आधीच्या मास्तरांनी या मास्तरांना पहिल्याच दिवशी कानात सांगितली होती, “पुस्तक सरकारचं, भर आपली. भर विसरलास तरी चालेल, लोक लवकर जातील एवढंच. पण भर घालतोस तर वीसच घाल.”

मास्तरांची लेक ठकू लहानपणी बेरीज शिकली ती या भरीवर. बारा दहा आणि वीस? साडेबारा! आई लवकर गेलेली, पोर चौकीतच वाढली. मोठी होऊन नर्स झाली ती बेटावरच्याच दवाखान्यात. पाळीही फळ्यावरच ठरायची, रोज रस्ता बंद होण्याआधीच्या शेवटच्या गाडीने जायची. चौकीत डोकावून विचारायची, “काय मास्तर, समुद्र काय म्हणतोय?” मास्तर म्हणायचे, “म्हणतोय, तुझ्या बापाला विचारल्याशिवाय येत नाही.” रोजचाच विनोद, रोजच दोघं हसायची.

त्या दिवशी पहिली तारीख होती. वर्षाचं जुनं पुस्तक संपलं, नवीन आलं. मास्तरांनी कव्हर घातलं, वर सुंदर अक्षरात वर्ष लिहिलं आणि सरळ तारखेचं पान काढलं. पहिलं पान कोण वाचतो? बत्तीस वर्षांत त्यावर अधिकाऱ्यांच्या नावांपलीकडे काही नव्हतं. पुस्तकात आकडा होता बारा पन्नास. हाताने सवयीने भर घातली. एक दहा. खडू टेकवताना मास्तर क्षणभर थबकले. काल रस्ता बारा पाचला बंद झाला होता. एका दिवसात एक तास पाच मिनिटं? जरा जास्तच झालं. पण होतं कधी कधी, समुद्र आहे तो, आणि पुस्तक छापणारे काय झोपा काढतात? त्यांनी लिहून टाकलं. बंद एक दहा, चालू सहा दहा.

नियम असा, की बंदच्या आधी पंधरा मिनिटं शेवटची गाडी सुटायची. बारा पंचावन्नला गाडी सुटली. छोटी गाडी, कंडक्टर नाही, ड्रायव्हरच सगळं बघायचा. त्याला पैलवान म्हणत. अंगाने दणकट, मनाने लोणी. एकोणीस माणसं आत. ठकूने खिडकीतून हात केला. मास्तरांनी केला की नाही, ते पुढे त्यांना कितीही आठवलं तरी आठवेना.

डब्याचं झाकण उघडलं तोच फोन वाजला. बंदर कचेरीतला कारकून होता, गप्पिष्ट माणूस.

“मास्तर, नवीन पुस्तक पोचलं ना? सुटलात बुवा एकदाचे!”

“कशातून सुटलो?”

“अहो, तुमच्या त्या वीस मिनिटांच्या कटकटीतून! आता मोजपट्टी तुमच्या बांधावरच लावली नाही का गेल्या वर्षी? पुस्तक आता बांधाचंच. पहिल्याच पानावर छापलंय ठळक. वरच्या ऑफिसला पत्रही गेलंय. आता भर नाही नि बीर नाही, आहे तो आकडा उतरवायचा. पेढे काढा!”

मास्तरांनी फोन ठेवला नाही. तो हातातून सुटला. भिंतीवरच्या घड्याळात बारा सत्तावन्न झाले होते. म्हणजे पाणी रस्त्यावर येऊन सात मिनिटं झाली होती, आणि गाडी बांधावर होती. त्या काळी खिशात फोन नव्हते. बेटाच्या टोकाला एका झोपडीत फोन होता, पण तो शेवटची गाडी पोचली की कळवण्यासाठी, आणि तिथला माणूस गाडी दिसल्यावर झोपडीत यायचा. मास्तरांनी तो नंबर फिरवला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. अरे देवा, ठकू! माझी ठकू आहे त्यात!

त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल ओढली आणि बांधावर घातली.

बांधाच्या बरोबर मध्ये रस्ता जरा खाली उतरतो. त्याला खोलगा म्हणत. पाणी पहिल्यांदा तिथेच चढतं. चौकीतून तो दिसत नाही, बांधाला वळण आहे. मास्तर वाऱ्याच्या विरुद्ध सायकल मारत होते आणि बडबडत होते, “पार झाली असेल, पैलवान हुशार आहे, पाणी बघून थांबला असेल, मागे फिरला असेल.” वळण ओलांडलं. गाडी खोलग्यात उभी होती. चाकं पाण्यात. पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला ओढीने पडत होतं.

आता कोणी विचारेल, की समोर पाणी दिसत असताना पैलवानाने गाडी घातलीच कशी? अहो, पाणी त्याला दिसलं होतंच. पण फळ्यावर एक दहा लिहिलं होतं! तो म्हणाला, वाऱ्याने दोन लाटा उडाल्या असतील, खरं पाणी यायला अजून दहा मिनिटं आहेत. म्हणून त्याने गाडी घातली. मध्यावर इंजिनात पाणी गेलं आणि ते बसलं. एकदोघं उतरून परत फिरायला निघालीही होती. त्यांना थांबवलं कोणी? ठकूने. “बसा हो निवांत,” ती म्हणाली, “बाबांचा फळा आहे. एक दहापर्यंत काही होत नाही. इंजिन सुरू होईल तोवर.” मास्तरांच्या लेकीनेच सांगितल्यावर कोण उतरतंय? सगळी बसली. कोणीतरी दाणे काढले, वाटले.

मास्तरांनी सायकल टाकली आणि पाण्यात शिरले. “उतरा!” ते ओरडले. “सगळे उतरा! मागे चला!”

खिडक्यांतून हात हलले. पैलवानाने दारातून डोकं काढलं. “मास्तर, तुम्ही कशाला आलात? होतंय सुरू. अजून पाच-सात मिनिटं आहेत की!”

“नाहीत! फळा चुकलाय!”

आत हशा पिकला. खरंच हसली माणसं. जाळी विणणारी एक म्हातारी म्हणाली, “लेक गाडीत आहे ना, बापाच्या पाचावर धारण बसली!” दुसरं कोणी म्हणालं, “मास्तर, वर या, दाणे खा.”

पाणी मास्तरांच्या मांड्यांपर्यंत आलं होतं आणि पाय घसरत होते. बत्तीस वर्षं ज्या विश्वासाचा त्यांना अभिमान होता, तोच आता एवढाल्या भिंतीसारखा समोर उभा होता. तो पाडायचा कसा? ते दाराशी पोचले, दांड्याला लटकले. ठकू पुढे आली, हसतच. “बाबा, भिजलात की हो! काय हे?”

“ठके,” ते म्हणाले. “मी भर घातली गं. नव्या पुस्तकात भर घालायचीच नव्हती. बारा पन्नासलाच बंद झालाय रस्ता.”

दुसऱ्या कोणाला ते कळलं नाही. ठकूला कळलं. भरीवरच बेरीज शिकलेली पोर ती. वळली आणि अशा आवाजात ओरडली, की हातातले दाणे खाली पडले. “उठा! सगळे उठा! मी चुकले, मघाशी सांगितलं ते खोटं होतं, उठा!”

मग मात्र पळापळ झाली. पैलवानाने गाडी ओढायचा दोर काढला, एक टोक दाराच्या दांड्याला बांधलं, दुसरं घेऊन तो पाण्यातून चढाच्या बाजूला गेला आणि कडेच्या दगडी खांबाला त्याने ते आवळलं. दोराला धरून माणसं निघाली. मास्तर मध्ये उभे राहिले. ठकू दारातून एकेकाला खाली उतरवायची, मास्तरांच्या हातात द्यायची, मास्तर पैलवानाकडे द्यायचे. दोन लहान पोरं डोक्यावरून गेली. म्हातारी गेली, मोठमोठ्याने देवाचं नाव घेत. पाणी कमरेला लागलं. प्रत्येक माणूस हातात आला की मास्तर दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, “आता तू ये.” ती म्हणायची, “हे झाले की.” किती वेळा म्हणाली असेल!

सतरा माणसं गेली. दारात कोणी दिसेना. “ठके, ये!” मास्तर ओरडले.

“आजोबा आहेत अजून!”

मागच्या सीटवर एक पेन्शनर आजोबा बसले होते. कानाने कमी, गुडघे गेलेले. ते जागचे हलायला तयार नव्हते. मास्तरांना खिडकीतून सगळं दिसत होतं. ठकू त्यांच्या बगलेत हात घालत होती आणि ते तिचा हात झटकत होते. त्यांचा बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज पाण्यावरूनही ऐकू येत होता. “अगं, मघाशी तूच म्हणालीस ना बसा म्हणून! घड्याळ बघ माझं. एक नऊ झालेत. फळ्यावर एक दहा आहे. मास्तरांचा फळा कधी चुकतो का? इंजिन चालू करा म्हणावं.”

“आजोबा, चुकलाय! चुकलाय हो फळा!”

“काय?”

“चुकलाय!”

“कोण?”

मास्तरांनी दोर सोडून दाराकडे झेप घेतली. पैलवानाने मागून त्यांना कव घातली. गाडीचा मागचा भाग तेवढ्यात हलला. अगदी सावकाश, जणू कोणी कपाट सरकवतंय. दोर ताणला गेला आणि तुटला. गाडी कडेच्या दोन खांबांमधून तिरकी होऊन उतरणीवर गेली, एका कुशीवर कलली आणि पाण्याने तिला उचललं. मागच्या खिडकीत ठकूचं डोकं दिसलं. तिने आजोबांना सोडलं नव्हतं. मास्तरांनी तिचं नाव घेतलं की नुसताच आवाज काढला, हे पैलवानालाही सांगता आलं नाही. तो एवढंच सांगायचा, की दोन माणसांचं बळ मास्तरांच्या त्या सुकड्या अंगात आलं होतं आणि त्यांनी माझा दंड चावला, तरी मी सोडलं नाही.

बंदर कचेरीची लाँच आली. पाण्याला ओढ इतकी होती, की ती खोलग्याच्या जवळही जाऊ शकली नाही, दोनदा फिरून माघारी गेली. वाचलेल्या सतरा जणांना चौकीत आणलं, कोरडं पांघरायला दिलं. शहरातली माणसं जमली, बसखात्याचे साहेब आले. मास्तर चौकीच्या पायरीवर बसले होते, अंगातून पाणी निथळत होतं.

“साहेब,” ते म्हणाले, “मी मारलं त्यांना. मी भर घातली. पहिलं पान वाचलं नाही.”

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर, शांत व्हा.”

“मी चुकलो! लिहून घ्या, मी चुकलो!”

म्हातारी पुढे आली. “काय चुकलात? समुद्रच आज लवकर आला. त्याचं काय, लहरी तो. तुम्ही नसता आलात तर आम्ही कोणी नसतो.” बाकीच्यांनी माना हलवल्या. हो, समुद्रच लवकर आला. एक जण तर म्हणाला, की पाणी आलं ते वेगळंच होतं, भरतीचं नव्हतंच. मास्तर एकेकाचं तोंड बघत होते. एक तरी माणूस शिवी देईल, थोबाडीत मारेल, म्हणून ते वाट बघत होते. एकानेही मारली नाही. ज्या लोकांसाठी ते बत्तीस वर्षं बरोबर होते, त्यांनी त्यांना एकदाही चूक होऊ दिलं नाही. आणि ठकू असती तर ‘बाबा, चुकलात’ म्हणाली असती, तिला ठाऊक होतं. तेवढं एकच माणूस होतं.

तीन वाजले. पोहणारे आले, दोर आले, शिड्या आल्या. गाडी कुठे असेल ते सगळ्यांना माहीत होतं. खोलग्याच्या खाली, खडकांत. पण पाणी उतरल्याशिवाय काही करता येत नव्हतं. साहेब घड्याळाकडे बघत होते, पोहणाऱ्यांचा म्होरक्या वाटणारा एक जण सारखा पाय बदलत उभा होता. शेवटी त्याने मान खाली घालून विचारलं. विचारायचं जिवावर आलं होतं त्याच्या.

“मास्तर, पाणी कधी उतरेल?”

सगळी गर्दी मास्तरांकडे बघायला लागली. फळ्यावर लिहिलं होतं, चालू सहा दहा. कोणीतरी म्हणालंसुद्धा, “लिहिलंय की वर.”

मास्तर उठले. आत गेले, पुस्तक आणलं. आधी पहिलं पान उघडलं आणि उभ्याउभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, अधिकाऱ्यांच्या नावांसकट. मग तारखेचं पान काढलं. ओठ हलले. बोट आकड्यावर ठेवलं आणि तिथेच दाबून धरलं, म्हणजे हाताने पुन्हा काही मिळवू नये.

“पाच पन्नास,” ते म्हणाले.

फळ्यावरचं सहा दहा त्यांनी ओल्या बाहीने पुसलं आणि पाच पन्नास लिहिलं. माणसं पावणेसहाला वळणापर्यंत जाऊन उभी राहिली. समोर नुसतं पाणी होतं. पाच एकोणपन्नासलाही पाणीच होतं. मग खोलग्याच्या दोन्ही बाजूंनी काळं डांबर वर आलं, एकमेकांकडे सरकलं आणि मिळालं. पैलवानाने मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाच पन्नास, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

“बघितलंत?” मागून म्हातारी हळूच कोणाला तरी म्हणाली. “मास्तरांचं कधी चुकत नाही.”

मास्तरांनी ते ऐकलं. ते कोणाची वाट न बघता एकटेच पुढे खोलग्यात उतरले, लेकीला आणायला.